भाव चढताहेत म्हणून आजच टोकन द्यायचं का? वापरलेली स्पोर्ट्स कार घेण्याआधी

विचारणा थोडक्यात अशी आहे: नाशिकमध्ये राहणाऱ्या एकाचं बजेट ८० लाख. डोळ्यासमोर दोन गाड्या, २०१८-१९ ची पोर्शे ७१८ केमन किंवा बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन. दोन्ही मुंबईत, डीलरकडे. दर दोन-तीन महिन्यांनी भाव वर जातोय, डीलर म्हणतो "आज दोन लाख टोकन टाका, उद्या गाडी राहणार नाही". घाई करावी का?

टोकनची घाई करू नका. तपासणीची मात्र आजपासून करा. भाव चढतात ते खरं आहे, पण सरसकट चढत नाहीत. पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री असलेली, छेडछाड न केलेली, ओरिजिनल पेंटची गाडी चढते. तिच्या शेजारी उभी असलेली, तशीच दिसणारी, पण दोन वर्षं बिलंच नसलेली गाडी त्याच भावाच्या लाटेवर विकली जाते. पहिल्या गाडीला पाच लाख जास्त मोजलेत तर ते पुढे वसूल होतील. दुसरीचं इंजिन उघडावं लागलं तर भाववाढीतून मिळालेलं सगळं त्यात जाईल आणि वर घरचे घालावे लागतील.

भाव का चढतात हे समजलं की डीलरशी बोलणं सोपं जातं. पहिलं कारण, गाड्या बंद होत आहेत. ऑडी टीटी २०२३ मध्ये संपली, आर८ आणि जॅग्वार एफ-टाइप २०२४ मध्ये, निस्सान जीटी-आरची शेवटची गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली आणि पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादनही २०२५ मध्येच थांबलं. दुसरं कारण नव्या गाडीचा भाव. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये २४.६२ लाखांना आली, २०२० मध्ये ३५.९९ आणि २०२५ मध्ये ४९.९९ लाखांना. नवी वर सरकली की जुनी तिच्या मागे सरकते. त्यात युरो २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या पुढे गेला.

पण उलटी बाजू डीलर सांगणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. म्हणजे "नवी एवढ्याला आहे, ही तुम्हाला एवढ्याला देतो" हा हिशोब जुन्या कोटेशनवर तर नाही ना, ते बघा. एम२ साठी आजच्या नव्या एम२ चं लेखी कोटेशन मागवा आणि ते समोर ठेवून बोला. एम२ कॉम्पिटिशन २०१८ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ७९.९० लाख होती हेही लक्षात असू द्या. ७१८ ला हा युक्तिवाद चालत नाही, ती नवी मिळणारच नाही. म्हणून नुसत्या भावाच्या दृष्टीनं दोघींत केमन जास्त टिकाऊ आहे.

बजेट ८० असेल तर गाडी ६८ ते ७० ला संपली पाहिजे. टायर दीड-दोन लाख, विमा, पहिली पूर्ण सर्व्हिस, आणि डिस्क-पॅड झिजलेले निघाले तर तीन-चार लाख असं धरून दहा लाख बाजूला हवेतच. ७९ ला गाडी घेऊन टायर पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्यांच्याच गाड्या दीड वर्षानं पडेल भावात विकायला येतात.

आता तपासणी. कागद आधी, गाडी नंतर, कारण कागद घरी बसून बघता येतात. डीलरकडून चेसिस नंबर आणि आरसीचा फोटो मागा. द्यायला खळखळ केली तर तिथेच थांबा. पोर्शेच्या चेसिस नंबरातलं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं: जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. आरसीवर २०१९ आणि चेसिसवर जे असेल तर गाडी पडून राहून उशिरा पासिंग झालेली आहे. त्यात गैर काही नाही, पण भाव २०१८ चा द्यायचा. वाहन पोर्टलवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, ब्लॅकलिस्ट आणि ई-चलानं तपासा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर फिरलेल्या वेगवान गाडीवर थकलेल्या चलानांचा ढीग निघणं अगदी नेहमीचं आहे. या दोन्ही गाड्या आयात केलेल्या, त्यामुळे बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या वेळच्या कस्टम्स नोंदीची) प्रत किंवा कंपनीच्या अधिकृत डीलरचं मूळ विक्री बिल हवंच. कस्टम्स चुकवून आणलेल्या गाड्या जप्त होतात, आणि जप्ती ज्याच्या दारात गाडी उभी त्याच्याकडे होते.

पाँडिचेरी किंवा झारखंड पासिंगची गाडी चार-सहा लाख स्वस्त दिसली तर त्याचं कारण रस्ता कर. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के एकरकमी कर आहे आणि त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथली नोंदणी आलीच. वयानुसार घट धरून जो कर बसेल तो पेठ रोडच्या आरटीओत आधी काढून घ्या आणि गाडीच्या किमतीत मिळवून मगच तुलना करा. बहुतेक वेळा एमएच पासिंगची गाडीच स्वस्त पडते.

गाडी बघायला जाल तेव्हा डीलरला आदल्या दिवशी सांगा की गाडी थंड पाहिजे, सकाळपासून सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचणं. बाहेर २८ अंश आणि कूलंट ६० दाखवत असेल तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे, आणि ती का केली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. (केमनचं इंजिन सीटच्या मागे असतं. पुढच्या बॉनेटवर हात ठेवून "थंड आहे" म्हणू नका.) त्याच स्कॅनरवर आणखी दोन गोष्टी बघा: फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या करायच्या चाचण्या, पूर्ण आहेत का. कोड पुसल्यावर १२ किलोमीटर चालली आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ तुम्ही येण्याआधी कुणीतरी डॅशबोर्डवरचा दिवा घालवला आहे. तीन-चार हजारांचा साधा स्कॅनर हे दाखवतो.

रंगाच्या थराची जाडी मोजणारा पेंट गेज सगळे नेतात, पण एक फसगत होते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, २०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, ४०० च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी. आता या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांवर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) असते आणि ती फिल्म स्वतःच दीडशे-दोनशे मायक्रॉन भरते. सगळीकडे सारखं ३०० आलं म्हणून घाबरू नका, आणि एका दारावर ३०० नि दुसऱ्यावर ४५० आलं तर "फिल्मचा फरक आहे" हे ऐकून सोडूही नका. फिल्म जिथे पोचत नाही तिथे मोजा: दाराच्या आतली चौकट, डिकीच्या झाकणाची आतली कड. शिवाय केमनच्या बॉडीत ॲल्युमिनियम बरंच आहे, त्यामुळे फक्त लोखंडावर चालणारा स्वस्त गेज तिथे काहीच दाखवणार नाही. दोन्ही धातू वाचणारा घ्या.

केमनच्या बाबतीत एक जागा गुडघे टेकून बघा. पुढच्या बंपरच्या डाव्या-उजव्या तोंडांच्या आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात, अगदी रस्त्याला लागून. टॉर्च आत मारा. वाळलेली पानं, पिशवीचे तुकडे, चिखल यांचा गच्च थर साठलेला असतो आणि मुंबईच्या दमट हवेत तो थर वर्षभर ओला राहतो. रेडिएटरच्या पातळ पत्र्या कुजतात, मग बारीक गळती सुरू होते. कूलंट सुकलं की पांढरट किंवा गुलाबी खपली धरते. ती दिसली की रेडिएटर गेला असं समजा. नुसती पानंच असतील तर बंपर उतरवून साफ करण्याचं काम आहे, पण त्यावरून आजवर सर्व्हिस किती मनापासून झाली तेही कळतं. बाकी ७१८ मध्ये इग्निशन कॉइलना तडे, वॉटर पंपाची गळती आणि पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या सेन्सरच्या तक्रारी बघायच्या. बराच वेळ उभी असलेली ही आडव्या सिलिंडरांची इंजिनं सुरू करताना निळसर धुराचा एक झोत सोडतात, तो चालतो. मिनिटभरानंतरही धूर येत राहिला तर नाही चालणार.

जुन्या पोर्शेबद्दल जे "आयएमएस बेअरिंग" (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, निकामी होणारं बेअरिंग) ऐकलं असेल ते ७१८ ला लागू नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत ती रचनाच नाही. पण भाव बघून कुणी २००७ ची ९११ किंवा केमन दाखवली तर तिथे तो प्रश्न आहे, आणि सिलिंडरच्या भिंती खरवडण्याचाही. दुर्बीण आत घालून बघितल्याशिवाय तसली गाडी घेऊ नये.

पोर्शेत कंपनीच्या टेस्टरवर इंजिनचे एकूण तास आणि ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगानं फिरल्याचा, अहवाल निघतो. तो छापूनच मागा. किलोमीटरला तासांनी भागा: २४,००० किलोमीटर आणि ८०० तास म्हणजे सरासरी ३०, पटण्यासारखं. २४,००० आणि २,००० तास म्हणजे सरासरी १२. मुंबईच्या ट्रॅफिकमध्येही गाडी इतकी रेंगाळत नाही. अशा वेळी मीटर फिरवलेला असण्याची शक्यता बरीच. ओव्हर-रेव्हच्या सहा रेंज असतात. खालच्या तीनमध्ये आकडे असले तर बिघडत नाही, वरच्या तीनमध्ये असले तर ते किती तासांपूर्वीचे ते बघा.

एम२ कॉम्पिटिशनमध्ये एस५५ इंजिन आहे. त्याचा गाजलेला दोष म्हणजे क्रँक हब. क्रँकशाफ्टच्या टोकावर टायमिंग चेनची चकती कुठल्याही खाचेशिवाय, केवळ बोल्टच्या दाबाच्या घर्षणानं घट्ट बसवलेली असते. झटक्यानं टॉर्क आला आणि ती सरकली की टायमिंग चुकतं, आणि जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. कंपनीच्या ट्यूनवर असं क्वचित होतं. ताकद वाढवायला बाहेरून स्टेज १, स्टेज २ ट्यून मारलेल्या गाडीत धोका वाढतो. म्हणून एम२ मध्ये सगळ्यात मोठा प्रश्न एकच: गाडी कधी ट्यून झाली होती का? "आता स्टॉक आहे" हे उत्तर नाही. ट्यून परत काढता येतो, पडलेला ताण काढता येत नाही. खुणा शोधा. एक्झॉस्टच्या जोडांवरचे बोल्ट नवे आहेत का, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बाकी भागांपेक्षा चकचकीत आहे का, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा तुटल्यात का. इंजिनच्या डोक्यावरचा चार्ज कूलर (टर्बोची हवा थंड करणारा) गळतो का आणि कूलंटची पातळी खाली जाते का तेही बघा. एम गाड्यांची पहिली रनिंग-इन सर्व्हिस २,००० किलोमीटरला असते, त्यात इंजिन आणि डिफरन्शियलचं तेल बदलतात. तिची नोंद नसेल तर पहिला मालक कसा होता ते कळलं.

टायर बघताना बाहेरून नक्षी बघून फसू नका. मागच्या चाकांना आत झुकाव असतो, त्यामुळे आतली कड आधी झिजते. चाकाच्या मागून हात घालून आतल्या कडेवर बोट फिरवा. बाहेर पाच मिलिमीटर नक्षी आणि आत तारा हाताला लागतात असं होऊ शकतं. टायरवरचे चार आकडे, समजा २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच, कडक झालेलं रबर पावसात धरत नाही. पोर्शेला एन आणि बीएमडब्ल्यूला तारा छापलेले टायर हवेत. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकानं पैसे कुठे वाचवले ते वेगळं विचारायला नको.

पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण, अगदी टोकापर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, रीळाजवळच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेघ राहते. सीटचे रूळ, सीटखालचे कनेक्टर आणि गालिच्याखालचा फोम हातानं चाचपा. मुंबईतल्या बेसमेंट पार्किंगमधून आलेली कोणतीही गाडी, कितीही श्रीमंत सोसायटीतली असो, या तपासणीतून सुटू नये.

हे सगळं तुम्ही केलं तरी शेवटची तपासणी त्या ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, लिफ्टवर, तुमच्या पैशानं व्हायला हवी. खर्च एका मागच्या टायरपेक्षा सहसा जास्त होत नाही. "आमचा दोनशे पॉइंट रिपोर्ट आहे" हा डीलरचा कागद तुमच्या कामाचा नाही, तो विकणाऱ्याचा आहे.

नाशिककराला दोन जास्तीचे प्रश्न असतात. एक, अंतर. वॉर्निंग दिवा लागला की मुंबई गाठावी लागणार, म्हणून विम्याबरोबर किंवा कंपनीकडून मिळणारी रोडसाइड मदत नाशिकपर्यंत फ्लॅटबेड पाठवते का ते लेखी घ्या. साध्या क्रेननं दोरी लावून ओढलेल्या गाडीचा पुढचा बंपर आणि गिअरबॉक्स दोन्ही जायचे. दोन, रस्ते. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी शहरात ठिकठिकाणी खोदलेलं आहे, आणि कॉलनीतले स्पीड ब्रेकर कुणाच्या मापाचे असतात ते देवालाच ठाऊक. त्याहून मोठी अडचण घरातच असते, सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प. गाडी आणून बघायची गरज नाही. केमनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४७ मीटर, पोटाखाली मोकळी जागा साधारण १२-१३ सेंटिमीटर. अडीच मीटरची सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या. दोन्ही टोकांखाली सहा सेंटिमीटरचे दोन-दोन पेव्हर ब्लॉक ठेवा आणि पट्टीचा मध्य रॅम्पच्या माथ्यावर आणा. पट्टी मध्ये टेकली तर गाडीचं पोट टेकणार. एम२ ला २.७ मीटरची पट्टी लागेल. नाक घासण्याचा प्रश्न वेगळा, तो तिरकी चढवून थोडा सुटतो. पोटाचा सुटत नाही.

पेट्रोलचंही बघून घ्या. टाकीच्या झाकणाच्या आत किमान ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. २०१८-१९ च्या गाडीवर ई१० (दहा टक्के इथेनॉल) असेल आणि पंपावर ई२० (वीस टक्के) मिळतं. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा पावसाळ्यात दोन महिने झाकून ठेवलेल्या गाडीला याचा त्रास जास्त, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा, शक्यतो १०० ऑक्टेनचं पेट्रोल घालून, आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा.

सगळं पटलं तर टोकन द्या, पण ५० हजारांपेक्षा जास्त नको, खात्यावरून, आणि पावतीवर एवढं लिहून घ्या: "अधिकृत वर्कशॉपच्या तपासणीत दोष आढळल्यास, गाडीवर बोजा, थकीत चलान अथवा अपघाताचा दावा आढळल्यास, किंवा १५ दिवसांत एनओसी न मिळाल्यास टोकन पूर्ण परत." सही करायला तयार नसलेल्या डीलरची "उद्या गाडी राहणार नाही" ही धमकी किती खरी ते तिथेच समजतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीत देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात बसत नाही. नोंदणीकृत डीलर वापरलेल्या गाडीवर जीएसटी फक्त आपल्या नफ्यावर, १८ टक्क्यांनी भरतो. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर बिल नीट वाचा.

ताब्याच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, मुंबई आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी. राज्यातल्या राज्यात असल्यानं नंबर बदलत नाही, एमएच-०२ तोच राहतो. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी) नंबर पाट्या बसल्यात का बघा. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा प्रीमियमचा आकडा आधीच काढा आणि इंजिन प्रोटेक्ट घ्याच.

येताना भिवंडीजवळच्या आमणेहून इगतपुरीपर्यंत समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा मोकळा मिळेल, मर्यादा सपाटीवर १२० ची आहे, घाटात आणि बोगद्यात त्याहून कमी. टायर सहा वर्षांपुढचे असतील तर तो मोह नको, गाडी फ्लॅटबेडवर आणा. पहिल्या आठवड्यात तेल आणि फिल्टर बदला, शेवटची सर्व्हिस कधीही झालेली असो. जुना फिल्टर टाकू देऊ नका. त्यातला कागद कापून, पिळून, उन्हात पसरून बघा. काळा गाळ चालतो. उन्हात तांबूस किंवा रुपेरी चकाकणारे कण दिसले तर ते बेअरिंगचे असू शकतात. त्याच दिवशी फोटो काढून डीलरला लेखी कळवा आणि तोवर गाडी सुरू करू नका.